पायलीभर पाणी

रंधा मी आयुष्यभर चालवला. दारं केली, खिडक्या केल्या, धानाच्या कोठ्या केल्या, बैलबंड्यांची चाकं भरली. गावाला त्यातलं काही आठवत नाही. आजही एखादा जुना माणूस बाजारात भेटतो आणि विचारतो, "ते तिजोऱ्या माडीवर चढवनारे मारोती मिस्तरी तुमीच ना जी?" हो म्हणतो. सुतारकीवर पोट भरलं आणि नाव झालं ते ओझ्यांवर, त्याला माझा इलाज नाही.

जड वस्तू वर न्यायला ताकद लागते, ती हमालांची. मिस्तरीचं काम त्यानंतरचं. वर गेलेली वस्तू वरच राहिली पाहिजे, इतकंच त्यानं बघायचं. चढवताना गल्ली गोळा होते, सल्ले देते, टाळ्या वाजवते. नंतर वीस वर्षं त्या वस्तूकडे कुणी ढुंकून पाहत नाही. कुणाला पाहावं लागत नसेल तर मिस्तरी चांगला होता, असं समजावं.

गिऱ्हाइकं मात्र देवानं निवडून माझ्याकडे पाठवली होती. सावलीच्या एका गृहस्थांनी खोलीतच बसून मोठा पलंग करून घेतला, आणि मुलीच्या लग्नात तो बाहेर काढायची वेळ आली तेव्हा दार लहान निघालं. मी चौकट उपटली, पलंग काढला, चौकट परत बसवली. गृहस्थ शेवटपर्यंत दार करणाऱ्यालाच नावं ठेवत होते. भामरागडला एका साहेबांचं लोखंडी कपाट डोंग्यातून नदीपार नेलं. कपाट पोचलं आणि पाऊस लागला. रस्ते बंद. कपाट आणि मी, दोघंही पाणी ओसरेपर्यंत साहेबांच्या पडवीत मुक्कामाला. कपाटाची तक्रार नव्हती.

पण ज्या कामाची आठवण आली की अजून माझा हात छातीकडे जातो, ते काम माशांचं.

तेव्हा आमचा जिल्हा चांदा, राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच कायद्यानं गेली होती. आमच्या मोहल्ल्यात एका मालगुजाराचं शहरातलं घर होतं, दुमजली. वर माडी, तिच्यात पूर्वी गावाकडून आलेला धान ठेवत. मालगुजारी गेली तसा धान यायचा थांबला, आणि रिकाम्या माडीवर मालगुजारांचे चिरंजीव राहायला आले. ते वकील. स्वभाव गोड, आवाज मोठा, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की उलट तपासणी करूनही बाहेर निघायची नाही. मुंबईला कसल्याशा खटल्यासाठी गेले होते, तिथं त्यांनी काचेमागं पोहणारे मासे पाहिले. परत आले ते मासे डोक्यात घेऊनच.

नागपूरहून टाकी आली. लोखंडी कोनांचा सांगाडा, त्यात जाड काचा पुट्टीनं बसवलेल्या. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. रेल्वेतून उतरली, बंडीवर चढली, आणि स्टेशनापासून घरापर्यंत अर्धा चांदा तिच्यामागे चालत आला. रोज कुणीतरी वकीलसाहेबांना अडवून विचारायचं, "मंग साहेब, रस्सा कवा?" पाळायचे मासे रांधत नाहीत हे त्यांनी कोर्टातल्यासारखं मुद्देसूद समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकून घेत आणि जाताना म्हणत, "तरी सांगा जी, मसाला आमच्याकडचा."

मला बोलावलं ते टाकी वर चढवून बसवायला. वकीलसाहेब दिवाणखान्याच्या बरोबर मध्यभागी उभे राहिले आणि पायानं जमिनीवर खूण केली.

"मिस्तरी, इथी."

"साहेब, भिंतीपाशी बरं पडंल."

"भिंतीपाशी ठेवली तं एकाच बाजूनं दिसंल. मासा चारही बाजूंनी दिसला पाह्यजे. मी इथी बसून राह्यलो, पक्षकार तिथी बसून राह्यला, मधात मासे. समजलं?"

समजलं. पक्षकाराला मासे दाखवून फी सांगायची असावी, असं मला तेव्हा वाटलं.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून माडीची जमीन कशी असते ते सांगतो. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सागाच्या कड्या टाकलेल्या असतात, हातहातभर अंतरानं. त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, वरून सारवण. कडीची दोन्ही टोकं भिंतीत रुतलेली, म्हणून भिंतीजवळ ती सगळ्यात भक्कम. मध्यावर तिला कुणाचा आधार नाही. लहान पोरालाही कळेल असं आहे हे. मला तर कळतच होतं, म्हणून तर मी भिंत म्हणालो.

पण वकीलसाहेबांनी पुरावा काढला. "आमच्या बाबांच्या वक्ताले या माडीवर तीस खंडी धान राह्यचा. तीस खंडी! कडी हलली नाई. ही टाकी केवढीशी?"

आणि इथं मी फसलो. आमच्या झाडीपट्टीत धान मापानं मोजतात, वजनानं नाही. पायलीनं मापायचा, कुडोनं मापायचा, वीस कुडोंची खंडी करायची. तराजू किराणा दुकानात. मी सावलीकडच्या धानाच्या मुलखात वाढलेला, आणि जन्मभर कोठ्या केलेल्या. कुठलीही पेटी दाखवा, लांबी-रुंदी-उंची बघून तिच्यात किती धान मावेल ते मी कागद न घेता सांगायचो. ती टाकी मी तशीच बघितली. मनात कोठी उभी केली, धान भरला, मापला. तीन खंडीसुद्धा भरत नव्हती. जिथं तीस खंडी राहिली तिथं तीन खंडीचं काय, असं म्हणून मी भिंतीचा हट्ट सोडला. हिशेब बरोबर होता. फक्त टाकीत धान भरायचा नव्हता.

जिना उतरताना खालच्या मजल्याचे भाडेकरू कासमभाई भेटले. ते दर्जी. पुढच्या खोलीत त्यांची मशीन, आणि मागच्या मोठ्या खोलीत त्यांची अम्मा. अम्माचं वय झालेलं, अंगणात पडून कंबरेचं हाड मोडलेलं, तेव्हापासून खाटेवरच. कासमभाईंनी मला जिन्यात थांबवलं.

"मिस्तरीभाऊ, वर पानी भरून राह्यले म्हनते. अम्माची खाट बरोबर त्याच्याच खाली आहे. खिडकी तिथी आहे ना, तिले उजेड लागते. काही होनार तं नाई?"

"कासमभाई, तुमच्या अम्माच्या अंगावर धूळबी नाई पडनार. हा मारोतीचा शब्द आहे."

शब्द देऊन मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी वर गेली. चार पायांचं सागाचं स्टँड मी केलं होतं, सुंदर झालं होतं, ते मध्यभागी उभं केलं, त्यावर टाकी. तळाला वैनगंगेची वाळू. वकीलसाहेबांना शोभेला डोंगर हवा होता. सूरजागडकडच्या एका पक्षकारानं त्यांना तिथल्या डोंगरातला एक काळातांबडा दगड भेट दिला होता, तो दोघांनी उचलून आत ठेवला. तो दगड लोखंडाचा आहे हे त्या भागात शेंबडं पोरही सांगेल. आम्ही त्याचा रंग बघत होतो.

पाणी भरायला बुधाबाई. ती त्या घरची पाणी भरणारी, कामाच्या दिवसांत धानाच्या खळ्यावरही जायची. विहिरीवरून पितळेचा गुंड डोक्यावर घ्यायचा, जिना चढायचा, टाकीत ओतायचा, उतरायचं. मी टाकीपाशी उभा राहून, ती समतल आहे ना ते पाणसळ लावून बघत होतो आणि वकीलसाहेबांना माझा हिशेब ऐकवत होतो. "तीन खंडीबी नाई साहेब, पुरती तीन खंडीबी नाई." दर खेपेला मी तेच म्हणत असेन.

टाकी निम्मी झाली तेव्हा बुधाबाई गुंड डोक्यावर घेऊनच थांबली. ओतेना.

"मिस्तरीभाऊ, एक इचारू का जी?"

"इचार."

"तुमी खंडी-खंडी करून राह्यले, ते धानाची ना?"

"मंग कशाची?"

"नाई, खळ्यावर मी याच गुंडात धान आनतो. मान ताठ राह्यते. पान्याचा असला का मान आत जाते. तुमच्या हिशेबात गुंड सारखाच राह्यते काऊन?"

 इतकं साधं. धानाच्या दाण्यादाण्यात फट असते, वर फोल असतो. पायलीभर धान आणि पायलीभर पाणी यांत पाणी जवळजवळ पावणेदोन पट भरतं. वाळू त्याहून जड. दगडाचं तर विचारूच नका. आणि तीस खंडी धान सगळ्या माडीभर, भिंतीला टेकून पसरलेला असायचा. माझी टाकी चार बोटं रुंदीच्या चार पायांवर, खोलीच्या बरोबर मध्यावर उभी होती, तीही दोनच कड्यांवर. आयुष्यभर मापाच्या मुलखात राहून वजनच विसरलो. हे पुण्या-मुंबईच्या मिस्तरीच्या हातून झालं नसतं. त्याला कुडो माहीतच नाही.

तेवढ्यात खालून कासमभाईंचा आवाज आला. ओरडले नाहीत ते. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "मिस्तरीभाऊ, अम्मा के ऊपर मिट्टी गिर रही."

 मी गुडघ्यावर बसलो आणि सुताची दोरी जमिनीलगत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली. टाकीपाशी जमीन दोरीच्या खाली गेली होती, चांगली अंगठाभर. सागाची एक वाईट खोड आहे. बांबू मोडायच्या आधी कुरकुरतो, करकरतो, माणसाला पळायला वेळ देतो. साग वाकतो तो गुपचूप वाकतो.

सगळ्यांना मी भिंतीकडे सरकायला सांगितलं. बुधाबाई डोक्यावरच्या गुंडासकट सरकली, वकीलसाहेब वकीलपत्र नसल्यासारखे गप्प सरकले. टाकीत रबरी नळी टाकली, तोंडानं ओढली आणि दुसरं टोक खिडकीतून गल्लीत सोडलं. पाणी इतक्या हळू उतरत होतं की मी ते तेव्हा दमडीदमडीनं बघितलं. गल्लीतून कुणीतरी हाक मारली, "साहेब, रस्सा पातळ झाला वाटते." एरवी मी हसलो असतो. खाली अम्मा होती, तिला उठता येत नव्हतं, आणि माझा शब्द तिच्या अंगावर मातीच्या रूपानं पडत होता.

टाकी रिकामी झाली, दगड काढला, वाळू उपसली. जमीन हळूहळू वर आली. कडी मोडली नव्हती. वकीलसाहेबांनी विचारलं, "काऊन झालं असं?" मी म्हणालो, "कडी जुनी आहे साहेब, आतून पोखरली असंल." ते खोटं होतं. कडी माझ्या आजोबांपेक्षा भक्कम होती. त्या दिवशी मला खरं बोलता आलं नाही, आणि पुढंही वकीलसाहेबांपाशी कधी बोललो नाही. त्यांच्या घरच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कडीची माफी माझ्या वतीनं मागावी.

दुसऱ्यांदा मात्र मी धंदा शिकल्यासारखा केला. जागा बदलली, टाकी भिंतीलगत. स्टँडच्या पायांखाली सागाचे दोन लांब जाड ओंडके आडवे टाकले, म्हणजे वजन दोन कड्यांवर न पडता सात कड्यांवर वाटलं जाईल, आणि तेही त्यांच्या भिंतीतल्या टोकाजवळ. पाचरी मारून पाणसळ जुळवली, कारण टाकी एका बाजूला कलली तर सगळं पाणी त्याच काचेवर रेटा देतं. आणि हिशेब मणात केला. पाणीच अठरा मण निघालं. वाळू, काच, लोखंड धरून पंचविसाच्या आसपास. त्या डोंगराच्या दगडाला वकीलसाहेबांनी दार अडवायला ठेवलं, त्या कामाला तो उत्तम होता.

एवढं करून भरायला सुरुवात करणार, तर कासमभाई नाही म्हणाले.

त्यांचं बरोबरच होतं. अम्माला उचलून शेजाऱ्यांकडे ठेवावी म्हटलं तर हलवलं की तिला इतकी कळ यायची की मागच्या वेळी ती बेशुद्ध पडली होती. हकीमांनी सक्त सांगितलं होतं, खाट हलवायची नाही. वकीलसाहेब म्हणाले, घर माझं आहे. कासमभाई म्हणाले, आई माझी आहे. दोघं मोठ्या आवाजाची माणसं नव्हती, म्हणजे एक होते, पण त्या दिवशी तेही हळू बोलत होते. भांडण हळू आवाजात चाललं की मिटत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

शेवटी आतून अम्माचाच आवाज आला. "कासम, उस मिस्त्री को अंदर भेज."

मी आत गेलो. खोलीत उजेड चांगला होता. खिडकीपाशी खाट, खाटेवर पांढरी चादर, तिच्यावर अम्मा, पाखरासारखी बारीक. डोळे मात्र तरतरीत. वर पाहिलं तर मधल्या कड्यांमधल्या फळ्यांच्या फटींतून ताजी माती निघालेली दिसत होती, बरोबर तिच्या चेहऱ्याच्या वर.

"तूच का तो, धूळबी नाई पडनार म्हननारा?"

"हो अम्मा."

"कुठी उभा राहून बोलला होता?"

"जिन्यात."

"मंग आता इथी बसून बोल." तिनं खाटेच्या कडेवर हात ठेवला. "तू इथी बस. वर त्याईले पानी भरू दे. पूरी टाकी. तू उठला तं मी समजन."

मी बसलो. वर निरोप गेला. बुधाबाईच्या पावलांचा आवाज जिन्यातून वर गेला आणि डोक्यावर पहिला गुंड पडला.

चौथाई भरली की अर्धा तास थांबायचं, दोरी लावून बघायचं, मग पुढची चौथाई, असं मी वर ठरवून दिलं होतं. म्हणजे सबंध दिवस. तो दिवस मी त्या खाटेवर काढला. वरून पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि माझी मान आपोआप आत जायची. अम्मा वर बघायची नाही, माझ्याकडे बघायची. तिला मजा येत होती. "घामाघूम झाला रे तू," म्हणायची, "पंखा घे माझा."

दुपारी कधीतरी मी तिला खरं सांगितलं. पायलीचं, खंडीचं, बुधाबाईच्या मानेचं. कडी पोखरलेली नव्हती हेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"हिशेब चुकला, ते ठीक," ती म्हणाली. "पन शब्द देण्याच्या आदी तू एकदा खाली येऊन माझी खाट कुठी आहे ते पाह्यलं काऊन नाई?"

 दोन दिवस मी त्या बाईच्या डोक्यावर ठोकाठोक करत होतो आणि तिच्या खोलीत एकदाही पाय ठेवला नव्हता. कड्या मोजल्या होत्या, भिंती मोजल्या होत्या. कड्यांच्या खाली कोण आहे ते मी जिन्यात उभं राहून ऐकून घेतलं होतं आणि विसरून गेलो होतो. मला मनापासून लाज वाटली. त्यानंतर मी असंख्य वजनं चढवली, पण खालच्या खोलीत जाऊन, तिथं राहणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलून आल्याशिवाय एकही नाही. लोकांना तो माझा विक्षिप्तपणा वाटायचा. कुणी तसं म्हटलं तर मी हो म्हणायचो.

संध्याकाळच्या आत शेवटचा गुंड पडला. वरून वकीलसाहेबांनी सांगितलं, दोरीला जमीन लागलेली आहे, केसभर फरक नाही. मग नागपूरहून हंड्यात आलेले मासे सोडल्याचा आवाज आला, म्हणजे वकीलसाहेबांचाच आवाज आला. मी उठायला लागलो.

"कसे आहेत रे ते?" अम्मानं विचारलं. "मी तं वर जानार नाई कधी."

 हंडा सकाळी मीच वर चढवला होता, पण त्यात वाकून बघितलंच नव्हतं. मी वर गेलो, टाकीपुढं उकिडवा बसलो, नीट बघितलं आणि खाली आलो.

"लाल आहेत अम्मा. शेपट्या लांब, ओढणीसारख्या. एकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका."

"बडे?"

"नाई. माझ्या करंगळीएवढे."

"कितने?"

"सात."

"सात," ती म्हणाली. वर बघितलं, मग माझ्याकडे. "सात करंगळ्यांसाठी अठरा मण पानी चढवलं तुमी, या म्हातारीच्या डोक्यावर?" आणि ती हसायला लागली. कंबर दुखत असावी, तरी हसत होती, खाट करकरत होती. मला हसायला थोडा वेळ लागला, कारण मी आधी छताकडे बघितलं. कुठूनही माती पडली नव्हती.